देवांना धूर लागू नये म्हणून

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू फुटतं आणि मग आपसूक हात जोडले जातात.

साठच्या दशकात बालाघाट जिल्ह्यातल्या बिरसा ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका दुपारी किरनापूरचे एक राइस मिलमालक धुळीनं माखून ठाण्यात शिरले. आईला अमरकंटकच्या यात्रेला न्यायला त्यांनी चाकांवरची खोलीच बनवून घेतली होती. खाटा, चूल, पाण्याचा ड्रम, देवघर, सगळं आत! जीपमागे जोडलेली ती खोली उतारावर झुलू लागली आणि शेताच्या बांधावर आडवी झाली. आत बसलेल्या स्वयंपाक्याचा हात मोडला.

“ड्रायव्हर पिऊन होता साहेब. अंदर करा त्याले!”

पाठोपाठ खबऱ्यानं सांगितलं की अपघाताआधी ड्रायव्हर मोहाच्या भट्टीवर उतरला होता. मी गुन्हा नोंदवला, त्याला तपासणीला पाठवलं. दारूचा अंशही निघाला नाही, पण मालक ऐकेनात. निष्काळजीपणा सिद्ध झाला असता तर ड्रायव्हरला तुरुंग होता, लायसन तर गेलंच असतं.

“भट्टीवर काहून गेलतास?” मी माझा खास नाटकी आवाज काढला.

“दगड आणाले जी.”

“कशाले?”

खोटं बोलणारा माणूस एकाला चार कारणं देतो. हा एकही देईना.

मी भट्टीवाल्याला बोलावलं. “हौ जी, चुलीचे दोन दगड नेले त्यानं. दारूकडं त पाह्यलं बी नाही.”

मग मी खोली उभी करवली, सामान होतं तसंच भरायला लावलं आणि तिचा पुढचा दांडा उचलून पाहिला. दोन बोटांनी उचलला गेला! बैलगाडी मागच्या भारानं उलाळ होते, पुढून वर उचलली जाते, तशीच गत. ड्रम, तांदूळ, भांडी, सारं मागच्या टोकाला; पुढे फक्त देव. त्यात जीपचा हूक हातभर मागे लांबवलेला. हवालदाराला शेजारी बसवून मी स्वतः जीप काढली. हळू होतो तोवर ठीक. जरा वेग धरला आणि मागची खोली जीपचंच बूड इकडून तिकडे फेकू लागली.

“साहेब, रोका! माहं लगन व्हाचं हाय!” हवालदार ओरडला.

परत येऊन मी विचारलं, “हे असं कोणी करवलं?”

मालक आकाशाकडे पाहू लागले. त्यांची आई पुढे आली.

“म्या. देवाजवळ जड सामान ठेवू देल्लं नाही. जीपचा धूर देवाले लागू नाही म्हणून लोहाराकडून हूक लांबवला. यानं भार म्हणून पुढं दगड ठेवले, तर भट्टीचे म्हणून म्याच फेकाले लावले.” ती ड्रायव्हरकडे वळली. “सांगितलं काहून नाही रे?”

“ठाण्यात तुमचं नाव कसं घेऊ, आई?”

“आई, तू चूप राय,” मालक पुटपुटले.

“तूच चूप राय! हा जेलात गेला त माही यात्रा कोन्या देवाले पोचन?”

तिनं जबाबावर अंगठा दिला. ड्रायव्हर सुटला. लोहारानं हूक आखूड केला, ड्रम पुढे सरकला, देव आईच्या मांडीवर बसले.

तेव्हापासून अपघातात मी गाडी कोण चालवत होतं एवढ्यावर थांबलो नाही. ती कोणी जोडली, कोणी भरली, हेही विचारत गेलो. त्यामुळे पुढे किती ड्रायव्हर वाचले असतील! ते श्रेय माझं नाही. घरची अब्रू वाचवायला जबाब फिरवणारे पुष्कळ भेटले. परक्याच्या पोरासाठी स्वतःचं नाव लिहून देणारी ती एकटीच.

जीप निघाली तेव्हा मी कडक सलाम ठोकला. मालकांना वाटलं, त्यांनाच.