ओळीतली आठवी जागा

"बाई म्हणतात, तुम्ही ओळीत नको. उद्यापासून पडद्यामागे बसून ताल धरा."

दुभाषी म्हणून आलेल्या साहेबांनी हे मला वर्कशॉपच्या आठव्या दिवशी सांगितलं, चहा पिता पिता. मी 'बरं' म्हणालो. त्या 'बरं'चा राग मला आजही येतो.

मी दशावतारात स्त्री-पार्टी होतो, म्हणजे लुगडं नेसून बायकांची कामं करायचो. साठ सालानंतरची गोष्ट. मुंबईच्या एका मंडळाने मालवणात शाळेच्या हॉलमध्ये दहा दिवसांचं वर्कशॉप भरवलं होतं. उझबेक नाच शिकवायला ताश्कंदच्या एक बाई आल्या होत्या. शेवटच्या दिवशी परदेशी पाहुण्यांसमोर प्रोग्राम होता. शिकायला मुंबईच्या सात मुली, आणि स्थानिक कलावंत म्हणून मी. जत्रांचा सीझन ऐन भरात होता. निघताना आमच्या दशावतार कंपनीचे मालक म्हणाले, "जातंस तर जा. मगे तुझो पार्ट दुसरो करतलो."

तरी गेलो. शिकायची हाव होती.

पहिले तीन दिवस नुसती बोटं. हा नाच बोटांपासून जागा होतो. मग मनगट, मग खांदा, सगळ्यात शेवटी पाय. आमचं उलट. मृदुंगावर थाप पडली की आधी पाय आपटतो. बाई दोइरा वाजवायच्या. दोइरा म्हणजे आतून लोखंडी कड्या लावलेला डफ. माझा पाय वाजला की त्या थांबायच्या, माझं मनगट धरून पुन्हा पहिल्यापासून. रोज सहा तास. त्यांना मराठी येत नव्हतं, मला रशियन. त्यांचं बोलणं आम्हाला सांगायला मंडळाचे हेच साहेब होते, पण नाचाला त्यांची गरज कधी पडली नाही.

तरीही साहेबांचं ते वाक्य मी मुकाट्याने घेतलं. आमच्या धंद्याची सवयच तशी. तालीम नसते. खेळाच्या तासभर आधी मालक तोंडी पार्ट वाटतात. मिळाला तो करायचा, काढला तर का म्हणून विचारायचं नाही. उझबेक बाईंनाही मी मालकाच्याच जागी बसवलं.

नवव्या दिवशी पडद्याच्या फटीतून मी तालीम बघत होतो. सात मुली फिरल्या, उभ्या राहिल्या. तिसरी आणि चौथी यांच्या मधे आठव्या माणसाची जागा मोकळी. पुन्हा फिरल्या, पुन्हा मोकळी. मालक पार्ट काढतो तेव्हा जागाही बुजवतो. बाईंनी माझी जागा ठेवली होती.

डोकं फिरलं. सरळ त्या जागेवर जाऊन उभा राहिलो. बाईंकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग दाराकडे. तुम्ही मला काढलं? बाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि तोंडावर पदर घेतल्यासारखा हात नेला. तुलाच लाज वाटली ना?

मी जोरात नकाराची मान हलवली आणि साहेबांकडे वळलो. "बाईन माका काडूक नाय. तुमी काडलात."

"अहो, समजून घ्या," साहेब म्हणाले. "पुरुष बाईसारखा नाचतोय, परदेशी पाहुण्यांना कसं दिसेल?"

"आणि बाईंका काय सांगितलात?"

"तुम्हालाच लाज वाटते म्हणून."

"माका लाज? माझो बापूस ह्याच करी. देवळात देवासमोर लुगडा नेसून उभो रवतंय मी. थंय कोणाक लाज वाटाक नाय."

बाई साहेबांना दोनच वाक्यं बोलल्या. नऊ दिवसांत तेवढ्याचंच भाषांतर साहेबांनी केलं नाही.

दहाव्या दिवशी मी ओळीत नाचलो. पाय एकदाही वाजला नाही. पाहुण्यांना काही वावगं दिसलं नाही. साहेब पडद्यामागे होते.

कंपनीत परतलो तर माझा पार्ट दुसऱ्याकडे गेलेला. उरलेला सीझन मी झांज वाजवली. पण कारण ठाऊक असूनही आधी मालकांसमोर उभा राहून विचारलं, "माका कित्याक काडलात?" त्यांना असं कोणी कधी विचारलंच नव्हतं.