अड्याळला गेले आणि स्टिकर खरवडून आले

रविवार, १८ जानेवारी, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. अड्याळमध्ये माझ्या हातावर आंब्याच्या दोन जेली ठेवल्या गेल्या आणि मी त्या खाल्ल्या.

आधी पार्श्वभूमी. दोन वर्षांपूर्वी मला गोचीड चावली. तेव्हापासून बकरा, गाय, डुक्कर यांचं मांस, चरबी किंवा जिलेटिन पोटात गेलं की चार-पाच तासांनी अंगावर गांध्या उठतात आणि घसा आवळतो. कोंबडी, मासे चालतात. म्हणून पाकीट दिसलं की मी भिंग काढते. कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, वाचल्याशिवाय सही करू नका. मी वाचल्याशिवाय बिस्किट खात नाही.

निमित्त भाचीच्या मुलीच्या बारशाचं. नागपूरहून भंडारा एसटीने दीड-दोन तास, बायकांना अर्धं तिकीट. तिथून पवनीची गाडी अड्याळला सोडते. रस्ता चांगला आहे, बसायला जागा नाही. दोन्हीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. जानेवारीत जाणार असाल तर शाल घ्या.

सुनंदाच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, सासूबाईंनी माझं पथ्य समजून घेतलं.

"मटण नाई, कोंबडी चालते. हे कोन्तं व्रत हाय?"

"गोचीड चावली म्हणून."

"आमच्या म्हशीले तं रोज चावते. ते काही नाई म्हनत."

"ती मटण खात नाही," मी म्हणाले. त्यांना पटलं.

मग खाऊचा डबा आला. या घरात पाहुण्यापुढे पाकीट ठेवत नाहीत, तो अपमान समजतात. सगळं आदल्या दिवशीच स्टीलच्या डब्यात ओततात आणि पाकिटं चुलीत जातात. माझं भिंग पिशवीतच राहिलं.

"मावशी, मी सोता हिरवा ठिपका पाहून आनलं," सुनंदा म्हणाली. तिचा चेहरा पाहून मी त्या जेली खाल्ल्या. ही माझी चूक, मान्य.

चार वाजता गांध्या आल्या, पावणेपाचला आवाज बसला. सुनंदाच्या नवऱ्याने मोटारसायकलवर सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "काय खाल्लं?" मला सांगता येईना, कारण उत्तर चुलीत गेलं होतं.

सोमवारी सकाळी मी सुनंदाने जेली आणल्या ते दुकान गाठलं. तेच पाकीट मागितलं. मागच्या बाजूला किमतीचा स्टिकर, त्यावर हिरवा ठिपका. नखाने खरवडला. खाली मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण आणि घटकांत दुसऱ्याच क्रमांकावर जिलेटिन.

"तुम्ही लावला?"

"मी काहून लावू, बाई? वरूनच लागून येते," दुकानदार म्हणाला. त्याने पाकिटांची उरलेली माळ खिळ्यावरून काढून काउंटरखाली ठेवली. "आमच्या घरी तं मायही खाते हे. माळकरी हाय ते."

आता नागपुरात आहे. अड्याळला जरूर जा. तलावातले मासे आणि तिथला भात यांना तोड नाही. सुनंदा मात्र रोज फोन करून माफी मागते. मी समजावते, तिला पटत नाही.

म्हणून पाकिटावर छापलेल्या कंपनीच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पत्र गेलं आहे, सोबत फोटो आणि दवाखान्याचा कागद. स्टिकर कोणी लावला, कोणाच्या सांगण्यावरून लावला आणि असा माल आणखी कुठे गेला, याचं लेखी, सहीनिशी उत्तर सोमवार, १६ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत हवं. फोन नको. उत्तराची एक प्रत अड्याळला सुनंदाच्या नावे पाठवावी आणि चूक तिची नव्हती, हे वाक्य त्यात स्वच्छ मराठीत लिहावं.