पाण्यातल्या फटफटीचे बोल्ट

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कुणाचा कुणावर भरवसा राहिला नव्हता. कापसाचं बियाणं घेतलं की पाकीट उलटसुलट करून बघायचं, औषधाच्या बाटलीचं बूच उघडून वास घ्यायचा. गाडी काट्यावर चढली की माणसं काट्याकडे बघायची नाहीत, काटेवाल्याच्या हाताकडे बघायची. बोगस हा शब्द शाळेतल्या पोरांच्याही तोंडी बसला होता. मी तर जन्माचा संशयी. चहा अगोड लागला तर आधी साखरेचा डबा बघतो, मग बायकोचं तोंड. त्यामुळे त्या हवेचा मला फारसा त्रास झाला नाही. त्रास झाला तो लोक माझ्याकडेच तसं बघायला लागले तेव्हा.

पुसदला माझं गॅरेज होतं. टिनाचं छप्पर, तेलानं काळी झालेली जमीन आणि एक स्टूल. मोटारसायकली, फवारणीचे पंप, विहिरीवरच्या मोटरी असं सगळं तिथं यायचं. गावात खताबियाण्याचं कृषी केंद्र चालवणारे एक शेठ होते. शेतीमालाचे हाल बघून त्यांना वाटलं, दुसरा काही धंदा करावा. त्यांनी जवळच्या धरणावर बोटिंगचा ठेका घेतला आणि कोकणच्या किनाऱ्यावरून दोन जुन्या वॉटर स्कूटर ट्रकमध्ये घालून आणल्या. एक लाल, एक निळी. गावानं त्यांचं बारसं लगेच केलं : पाण्यातली फटफटी. फटफटी म्हटल्यावर ती माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं.

पहिल्याच दिवशी मी शेठला सांगितलं, "शेठ, हे समुद्रात राह्यलेलं सामान हाये. इंजिन मागून पाहू, आधी बोल्ट पाहू."

ते हसले. "बोल्टात काय पाहाचं, बाप्पा?"

बोल्टातच सगळं असतं. या गाडीचा पाणी फेकणारा पंप ॲल्युमिनियमचा आणि त्यात बसणारे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. या दोघांचं पाण्यात पटत नाही. त्यात खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते, ती आट्यांत घट्ट बसते आणि बोल्ट असा धरला जातो की पाना लावल्यावर बोल्ट फिरत नाही, मुंडीच तुटून हातात येते. म्हणून तो अडकायच्या आधीच सोडायचा. मी दोन्ही गाड्यांच्या पंपांचा एकूण एक बोल्ट काढला. आटे तारेच्या ब्रशनं घासले, रॉकेलमध्ये धुतले, फडक्यानं कोरडे केले. मग बोल्ट जाम होऊ देत नाही ते चंदेरी ग्रीस आट्यांना पातळ लावलं. पहिले आटे नुसत्या बोटांनी फिरवले, कारण वाकडा बसला की बोटांना कळतं, पान्याला कळत नाही. जे बोल्ट खराब होते त्यांच्या जागी नवे स्टेनलेसचे घातले. ते शेठनी स्वतः आणून दिले होते आणि देताना दोनदा सांगितलं होतं की महागाचे आहेत.

निळी गाडी जास्त चांगली होती. तिच्यावर माझा जीव होता. शेठ म्हणाले, हिच्यासाठी ताडपत्री शिवून घे, पोती माह्या दुकानातून ने. आमच्याकडे खताच्या रिकाम्या पोत्यांचं काय होत नाही? गळक्या घरावर तीच, गुरांच्या कुटारावर तीच, बैलगाडीत खाली तीच आणि पावसात डोक्यावर खोळ म्हणूनही तीच. माझ्या बायकोनं पोती उसवली, दगडावर झटकली आणि एकाला एक जोडून अशी ताडपत्री शिवली की धरणावर आलेल्या लोकांनी हात लावून बघावं. छापाची बाजू वर, पोटाची म्हणजे आतली बाजू खाली. पोती निळ्या गाडीपुरतीच झाली. लाल गाडी बाभळीखाली उघडीच राहिली.

दिवाळीत धंदा बरा झाला. थंडी पडली, धुकं यायला लागलं. संक्रांतीच्या सुमारास निळ्या गाडीच्या पंपात मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा गुंडाळला गेला आणि पंप उघडायची वेळ आली. मी पाना लावला. बोल्ट हलेना. जोर दिला, तर कट् आवाज झाला आणि मुंडी निखळून पडली. दुसऱ्याचं तेच. ज्या आट्यांना मी स्वतः ग्रीस लावलं होतं, त्यांच्यातून पांढरी भुकटी निघत होती.

शेठ मागे उभे होते. त्यांनी तुटलेली मुंडी उचलली, निरखून बघितली आणि खिशात टाकली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी ते लोहचुंबक घेऊन आले. चांगल्या स्टेनलेसला चुंबक धरत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते गाडीभोवती वाकून वाकून हिंडले. दिसेल त्या बोल्टाला चुंबक लावायचे आणि दर वेळी माझ्याकडे बघायचे. एकालाही ते चिकटलं नाही, खिशातल्या मुंडीलाही नाही.

"वरचे बरोबर हायेत," ते म्हणाले. "आतले कोणते टाकले, ते उघडल्यावरच समजन."

म्हणजे त्यांचे महागाचे बोल्ट मी विकून खाल्ले आणि आत लोखंडाचे हलके ठोकले. सरळ तसं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मीही दोन शब्द ऐकवले असते. पण संध्याकाळी पानटपरीवर गेलो, तर बोलणी एकदम थांबली आणि एकानं विचारलं, "काय म्हंते मंग, स्टेनलेसचा भाव?" सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेकॅनिकजवळ दुसरं असतं काय? माणूस आपली गाडी सोडून जातो ती हा आतलं काढून घेणार नाही या विश्वासावर. तो विश्वास गेला की शटर ओढायचं.

शेठनी येत्या रविवारी पंप सगळ्यांसमोर उघडायचं ठरवलं. तोवर मी कामाला लागलो, म्हणजे संशय घ्यायला लागलो. आधी ग्रीसवर. डबा बोगस असणार, काळच तसा होता. उरलेलं ग्रीस बोटांवर चोळलं, एका जुन्या बोल्टाला लावून बघितलं, त्यात काही खोट सापडली नाही. मग मी ती पांढरी भुकटी जिभेवर टेकवली. खारट. खारट आणि मागून कडवट. गोड्या पाण्याच्या धरणात मीठ आलं कुठून?

धरणावर एक म्हातारे चौकीदार होते. ते मासेही धरायचे आणि उरलेले मीठ लावून वाळवायचे. त्यांच्या झोपडीत मिठाचं पोतं होतं. आमच्या गाड्यांच्या आवाजानं मासे पळतात म्हणून ते कुरकुरत असत आणि पंपात सापडलेलं जाळंही त्यांचंच होतं. माझी खात्रीच पटली. तरातरा गेलो आणि विचारलं, "काका, खरं सांगा, गाडीवर मिठाचं पाणी कायले टाकलं?"

ते जाळं सांधत होते. त्यांनी मान वर केली. "मीठ लावलेला मासा बजारात इकते, बाबू. तुहा बोल्ट कोन घेईन? आन् माह्यं जाळं फाटलं, त्याचं तूच सांग आता."

मी बाभळीखाली येऊन बसलो. समोर लाल गाडी होती, धुळीनं माखलेली, पाखरांनी घाण केलेली. हात स्वस्थ बसू देत नाहीत म्हणून तिच्या पंपाच्या बोल्टाला पाना लावला. तो लोण्यासारखा फिरला. दुसराही फिरला. सगळे फिरले, आणि आटे तसेच चंदेरी. तेच ग्रीस, तेच बोल्ट, तेच पाणी. जिला कुणी विचारलं नाही ती ठणठणीत आणि जिला जपलं ती जाम.

मग मी उठून निळीवरची ताडपत्री उचलली. सकाळचं दव अजून वाळलं नव्हतं. पोटाच्या बाजूला थेंब धरले होते आणि ते गळत होते नेमके पंपावर. शिवणीत लालसर खडे अडकले होते. एक जिभेवर ठेवला. खारट आणि मागून कडवट. पोटॅश. पिकाला घालतात ते लाल पोटॅश म्हणजे एक मीठच की. थंडीभर रोज पहाटे आमची ताडपत्री त्या बोल्टांना समुद्राचं पाणी पाजत होती. आमच्याकडे ही पोती कुणी धूत नाही. झटकली की झालं, कारण ती ज्यावर घालतात त्या छपराचं नाहीतर कुटाराचं त्यानं काही बिघडत नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "शेठले सांगाल, तं ते म्हनतीन, सोताले वाचवाले बायकोवर ढकलून राह्यला."

"मंग सांगू नको काय?"

"सांगा ना. मी बी येतो रविवारी. मी शिवली, तं मीच सांगन."

रविवारी शेठ आले, सोबत बाजारातले दोन दुकानदार. चौकीदार काकाही येऊन उभे राहिले. मी तुटलेले बोल्ट ड्रिलनं पोखरून काढले. त्याला वेळ लागला आणि कुणी जागचं हललं नाही. निघालेला एकेक तुकडा मी फडक्यावर ठेवत गेलो. शेठनी चुंबक लावलं. चिकटलं नाही. परत लावलं. सगळे बोल्ट त्यांचेच होते, अस्सल. मग मी ताडपत्री पसरली, लाल खडे दाखवले आणि काय झालं ते सांगितलं.

शेठनी खडा बोटावर घेतला. "पोटॅश तं हाये," ते म्हणाले. "पन हे पोतं माह्याच दुकानातलं, हे कोन सांगते? तुमच्या घरी कुठूनबी आलं असन."

माझी बायको पुढे झाली. पदर सावरून तिनं ताडपत्री उलटली आणि छापाची बाजू वर केली. त्या वर्षांत बोगस खताची इतकी बोंब होती की शेठ आपल्या प्रत्येक पोत्यावर दुकानाचा जांभळा शिक्का मारत, अस्सल माल ओळखू यावा म्हणून. प्रत्येक तुकड्यावर शिक्का होता.

"भाऊ, शिवन माही हाये," ती म्हणाली. "धुतली नाई, हे बी माह्यंच. पन पोती तुमची हायेत. " तिनं माझ्याकडे मान केली. "यायनं तं फक्त ग्रीस लावलं."

एक दुकानदार खोकला. शेठनी चुंबक खिशात टाकलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं हसले. "अरे लेका, मी कुठं तुह्यावर संशय घेतलाता? बोल्ट काहून जाम झाले, तेवढं पाहाचं होतं. झालं ना मंग. उद्यापासून लाग कामाले."

दुकानदारांनीही माना हलवल्या. कुणी संशय घेतलाच नव्हता म्हणे. मला सांगता येत नाही किती राग आला. शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "शेठ, मंग एक करा. आज टपरीवर चाला आन् लोकायले सांगा, बोल्ट बरोबर होते."

ते माझ्याकडे नवलानं बघत राहिले. "असं कोनी सांगत असते काय? लोकं म्हनतीन, काहीतरी हाये म्हनून सांगून राह्यला."

आणि त्यात ते चुकीचं बोलत नव्हते, हेच मला सहन झालं नाही. बायकोनं ताडपत्रीची घडी घातली, काखेत धरली आणि रस्त्याला लागली. मी पाने गोळा केले आणि तिच्या मागे निघालो. त्या धरणावर मी परत काम केलं नाही.

पुढे आठवडाभरात माझं एक जुनं गिऱ्हाईक आलं. दारव्ह्याकडचे शाळामास्तर, वर्षानुवर्षं माझ्याकडे मोटारसायकल टाकणारे. गाडी लावली की ते बाजारात जायचे आणि संध्याकाळी उगवायचे. त्या दिवशी गेले नाहीत. गाडीजवळच उभे राहिले.

"मास्तर, टाइम लागन," मी म्हटलं. "बजार करून या."

"नाई, आज काई काम नाई," ते माझ्या हाताकडे बघत म्हणाले. "सहजच थांबतो."

मी त्यांना बसायला स्टूल पुसून दिलं आणि त्यांना नीट दिसेल अशा बेतानं, एकेक बोल्ट सोडून त्यांच्या पायाशी ओळीनं मांडत गेलो.