भट्टीशेजारची सिस्टर

तेजस्वी चौगुले मूळची कोडोलीची. लग्न होऊन कोल्हापुरात, मंगळवार पेठेत आली आणि शहरातल्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात आयसीयूत नर्स म्हणून लागली. हात हलका, डोकं शांत; म्हणून सगळ्यात अवघड पेशंट तिच्याच वाट्याला यायचे. कोरोनाच्या लाटा तिनं तिथंच काढल्या. लाटा ओसरल्या, पण कामाला माणसं काही वाढली नाहीत. एक ड्यूटी संपते न संपते तोच दुसरी. नातेवाइकांचा राग झेलायला डॉक्टर समोर नसले तरी ती असायचीच.

दमण्याची तिला सवय होती. ती घाबरली वेगळ्याच गोष्टीनं. एका सकाळी तिच्याकडचे एक आजोबा गेले. त्यांची लेक कॉटच्या दांडीला धरून हुंदके देत होती, आणि तेजस्वीच्या मनात एवढंच आलं, की बेड लवकर मोकळा झाला तर चहा तरी गरम मिळेल. घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात खाली बसली.

सासू चिमणाबाई भाकरी थापत होत्या. "काय झालं गं?"

"आई, माणूस गेलं आणि मला कायबी वाटलं न्हाई."

चिमणाबाईंनी तवा उतरवला, हात धुतले आणि तिच्याशेजारी येऊन टेकल्या. "मग सोड की ती नोकरी."

"एवढं शिकून घरात बसू?"

"घरात बस म्हटलं व्हय मी? दवाखाना सोड म्हटलं. तुझं शिक्षण काय दवाखान्यात ठेवून येणार हाईस?"

नवरा कृष्णात एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मुळातच कमी बोलणारा. जेवताना त्यानं फक्त विचारलं, "राजीनामा कवा देतीस?" कित्येक महिन्यांनी तेजस्वीला त्या दिवशी पोटभर जेवण गेलं.

पण पुढची वाट सोपी नव्हती. विम्याचे दावे तपासण्याचं काम तिनं करून पाहिलं. दिवसभर पडद्यावर दुसऱ्यांचे आजार वाचायचे, आजारी माणूस मात्र नजरेलाही पडायचा नाही. मान आखडली, जीव रमेना. नर्सिंग कॉलेजात शिकवायला गेली, तर तिथं आणखी वरची पदवी मागितली. शेवटी कृष्णातच्या एका मित्राकडून कळलं, की शिरोली एमआयडीसीतल्या एका लोखंड ओतणाऱ्या फौंड्रीला दिवसपाळीसाठी नर्स हवी आहे.

ती तिथं लागली. तिची औषधपाण्याची खोली भट्टीच्या शेडला लागूनच होती. सुपरवायझर अमरसिंह पहिल्याच दिवशी म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बसा निवांत. कुणाला लागलं तर पाठवतो."

कुणीच येईना. ही माणसं भाजल्यावर टूथपेस्ट लावून पुन्हा कामाला लागतात, हे तिच्या लक्षात आलं. मग तीच शेडमध्ये जाऊ लागली. कुणाच्या हाताचा फोड बघ, कुणाचं बीपी मोज, कुणाला दरडावून पाणी पाज. गडहिंग्लजकडचे सोमलिंग भट्टीवर होते. निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलायचे आणि वयानं मोठे असूनही तिला अक्का म्हणायचे. "अक्का, धगीची आमास्नी सवय हाय की," असं म्हणून पाण्याचा ग्लास परत करायचे.

एप्रिलमध्ये एका दुपारी सोमलिंग भट्टीपासून दूर जाऊन उभे राहिले आणि असंबद्ध बोलू लागले. तेजस्वीनं कपाळाला हात लावला. अंग नुसतं पेटलेलं.

अमरसिंह म्हणाले, "ॲम्ब्युलन्स बोलावलीया. येईपर्यंत थांबूया."

"थांबायचं न्हाई! कॅन्टीनमधला सगळा बर्फ आणा. पाण्याचा पाईप हिकडं ओढा."

तिनं त्यांना सावलीत आडवं केलं, शर्ट काढून अंगावर पाणी सोडलं, मानेला आणि काखेत बर्फ लावला, मोठा पंखा तोंडावर धरायला लावला. गाडी आली तेव्हा सोमलिंग स्वतःचं नाव सांगू लागले होते. ती त्यांच्यासोबतच दवाखान्यात गेली. उष्माघात होता, पण धोका टळलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं तशी ती बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडली.

मागोमाग आलेले अमरसिंह गोंधळले. "सिस्टर, वाचला की तो. रडताय कशाला?"

"वाचलेत म्हणूनच," ती म्हणाली, आणि रडता रडता हसायलाच लागली. अमरसिंहांना काही उमगलं नाही. ते मुकाट्यानं चहा घेऊन आले.

त्यानंतर अमरसिंहांनीच मालकाला सांगून उन्हाळ्यात भट्टीवर आळीपाळीनं विश्रांती सुरू केली. सोमलिंग बरे होऊन परतले ते बायकोनं, रत्नव्वांनी दिलेल्या शेंगांच्या पोळ्या घेऊन. आता कामावरची पोरं बारीकसं भाजलं तरी खोलीच्या दारात उभी राहतात. औषध लावून घेतात, दोन शब्द बोलतात आणि आपल्या पायांनी परत जातात. हे आपल्या पायांनी परत जाणं बघत राहावं, असं तेजस्वीला वाटतं.

परवा तिची जुनी सहकारी प्रियदर्शनी हिचा फोन आला. आवाज पार गळालेला. "ताई, तुझ्याकडं जागा हाय काय गं?"

"हितं न्हाई. पण जयसिंगपूरला एका निवासी शाळेला नर्स पायजे म्हणं. पोरं पडत्यात, ताप येतोय, घरची आठवण काढून रडत्यात. जमंल तुला?"



"जमंल," प्रियदर्शनी म्हणाली. "पण एकटीला जायला धीर हुईना."

"मग मी बी येतो की. रविवारी सकाळी स्टँडवर ये."