जाऊबाईने माझ्या नावाने बोललेला नवस

मुलांनो, धाकटीने दिवाळीत पाठवलेलं पुस्तक मी वाचून संपवलं. "आजी, तुझं इंग्रजी पक्कं आहे, हा माणूस मला समजावून सांग," असं ती म्हणाली होती. तिची परीक्षा एव्हाना होऊनही गेली असेल. तरी सांगते, कारण या माणसाने सबंध शिमगाभर मला स्वस्थ बसू दिलं नाही.

तो दोनेकशे वर्षांपूर्वीचा इंग्रज लेखक. आधी धर्मोपदेशक होता, मग श्रद्धा उडाली. राजा नको, कायदा नको, शिक्षा नको. प्रत्येकाने आपल्या बुद्धीने विचार करावा आणि योग्य दिसेल तसं वागावं, असं त्याचं म्हणणं. इथपर्यंत मला फार नवल वाटलं नाही. आपल्या वाडीतली माणसं दरवर्षी दगडमाती टाकून पऱ्ह्या, म्हणजे आपला ओढा, अडवतात आणि ते पाणी बागांना पाळीपाळीने देतात; त्यासाठी कुठला साहेब येतो? पण पुढे तो म्हणतो की वचन देणंसुद्धा वाईट. गोष्ट चांगली असेल तर वचनाशिवाय करावी. वाईट असेल तर वचन दिल्याने ती चांगली होत नाही. आणि आज कमी कळत असताना दिलेला शब्द उद्या जास्त कळणाऱ्या माणसाला का बांधतो?

तिथे मी पुस्तक पालथं ठेवलं आणि उगाचच फडताळातले डबे काढून पुसायला घेतले. त्याच सकाळी तुमच्या बाबांचा फोन येऊन गेला होता.

"आई, आता कायमची इकडे ये. नुसतं हो म्हणू नकोस, शब्द दे."

"शब्द कशाला हवा?"

"तू दिलेला शब्द मोडत नाहीस म्हणून. नाहीतर पुढच्या वर्षीही आंबा आहे, शिमगा आहे, गणपती आहेत."

उद्या सांगते म्हणून मी फोन ठेवला. उद्याचा परवा झाला. डबे पुसून झाले, मग पुस्तकं, मग खिडक्यांचे गज. अंगणात फेऱ्या घालून नवा बसवलेला गुडघा दुखायला लागला. हो म्हणावं तर पाय इथून हलत नव्हता, नाही म्हणावं तर तुमचे चेहरे समोर येत होते.

शेवटी शेजारच्या घरी गेले. माझी धाकटी जाऊ पडवीत ओले काजू सोलत बसली होती. चिकाने बोटं भाजू नयेत म्हणून हाताला राख चोळलेली. मी फोनचं सांगितलं, तशी तिची विळी थांबली.

"कायमच्या? मग देवीची ओटी कोण भरणार?"

"तू भर की."

"मी कशी भरू? नवस तुमच्या नावाचा आहे."

"कुठला नवस?"

ती काजूकडे बघत म्हणाली, "तुमचा गुडघा कापायला घेतला ना, तेव्हा मी देवळात गेले. म्हटलं, वैनी धड चालू देत, दर शिमग्याला पालखी दारात आली की त्या आपल्या हाताने तुझी ओटी भरतील."

"दर शिमग्याला? अगं, लोक एका वर्षाचं बोलतात!"

"घाबरले होते ओ. तेव्हा कुठलं भान असतं?"

मला राग आला आणि हसूही आलं. इकडे मुलगा शब्द मागतोय आणि तिकडे माझ्या वतीने शब्द देऊनही झालाय! मी तिला त्या इंग्रजाचं म्हणणं ऐकवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला पोरंबाळं होती?"

होती. लग्न हे बंधन आहे असं लिहिणाऱ्या या माणसाने पुढे लग्न केलं. मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत बायको गेली. ती मुलगी सोळा वर्षांची असताना एका तरुण कवीबरोबर पळून गेली. कवी विवाहित होता, आणि याच बापाची पुस्तकं वाचून भारावलेला होता. बापाने दोघांना दार बंद केलं. कवीची पहिली बायको वारल्यावर त्यांनी रीतसर लग्न केलं, तेव्हाच ते उघडलं.

"वा रे वा," जाऊ म्हणाली. "जगाला मोकळं सोडा म्हणायचं आणि पोरीला दाराबाहेर ठेवायचं! मेला ढोंगी."

मी तिच्यासारखी हसले नाही. मला तो ढोंगी वाटेना, घाबरलेला वाटला. आपलं माणूस हातचं जातंय असं दिसलं तेव्हा त्याचे विचारही त्याच्या कामी आले नाहीत. जाऊ देवळात धावली तीही तशीच, आणि तुमचे बाबा फोनवर आवाज चढवतात तेही तसेच. एवढं कळून माझी तगमग थांबली असं नाही. उलट आता कुणावर रागावताही येईना.

होळीनंतर पालखी आली. ढोल ऐकू आले तेव्हा मी खण, नारळ, तांदूळ ताटात मांडून उभी होते. पालखी अंगणात नाचली, मग पडवीत बसली. गाऱ्हाणं घालणारे वयस्कर मानकरी पुढे झाले, तेवढ्यात जाऊ त्यांच्या कानाशी लागली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"गे आई, या घरच्या धाकट्या सुनेने थोरलीच्या नावाने तुला शब्द दिला. भीतीपोटी दिला. तो आता मोकळा करून घे. थोरली इथे असेल तेव्हा तुझी सेवा करील, लांब असेल तिथे तिची राखण कर."

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. जाऊ पदर तोंडाला लावून उभी होती. मी गेले तर तिच्या शेजारचं हे दार बंद राहणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तरी तिनेच गाठ सोडली.

मी ओटी भरली. आता ती नवसाची राहिली नव्हती.

दुपारी तुमच्या बाबांना फोन केला. "शब्द देणार नाही. पावसाळ्यात येते आणि राहून बघते. पुढचं तेव्हा ठरवू."

"म्हणजे नाही."

"नाही म्हणायचं असतं तर नाही म्हटलं असतं."

"आई, तू पडलीस बिडलीस तर मी इतक्या लांबून काय करू?"

"ते मलाही माहीत नाही, आणि धाकटीच्या पुस्तकातही नाही," मी म्हटलं. मग तो म्हणाला, "तिकीट बघतो. परतीचंही."

संध्याकाळी जाऊ सोललेले काजू घेऊन आली. "पोरांना न्यायला वाळवून ठेवा," म्हणाली. पायरीवर टेकली आणि सवयीने बोलून गेली, "पुढच्या शिमग्याला खण जरा मोठ्या काठाचा..." आणि तोंडावर हात ठेवला.

मी काजू सुपात पसरत राहिले. तीही राखेची बोटं पुसून मदतीला लागली.