बिनकाट्याचा गळ

वटारच्या आग्नेस लोपीसने जन्मात एकही मासा पकडला नव्हता, मात्र मासे फसवायचं काम तिने एकवीस वर्षं इमानेइतबारे केलं. तेही घरच्या पडवीत बसून, शिलाई मशीनच्या फळीला बसवलेल्या एका छोट्या चिमट्यासमोर. चिमट्यात गळ धरायचा, त्यावर रेशमी दोऱ्याने कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळायचं, दोन फेरे घट्ट, तिसरा सैल, आणि शेवटी गाठ. गळाची माशी तयार. पाण्यावर पडली की माशाला वाटावं, वरून किडा पडला. अर्ध्या गावातल्या मुलींचे पहिल्या कम्युनियनचे फ्रॉक शिवलेला हात तिचा, त्याला पिसाचं काय कौतुक! एका दुपारी ती आठ-दहा माश्या सहज उडवायची. घरातला लाल कोंबडा मात्र तिला पाहिलं की चिकूच्या झाडावर चढून बसायचा.

हे खूळ तिच्या नवऱ्याचं. बर्नार्ड पोस्टात होता. त्याचा मेहुणा आलोशियस बहरीनहून एक लांब, लवलवती काठी घेऊन आला आणि तेव्हापासून या माणसाचं रविवारचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. सकाळची मिस्सा झाली की चर्चच्या दारातूनच स्कूटर पूर्वेला, तानसा नदीच्या वाटेला लागायची. पुढे बोळिंज, एव्हरशाईन इथली फ्लॅटमधली माणसं त्याला येऊन मिळाली आणि नदीकाठी सातआठ जणांचा एक क्लब झाला. ना कचेरी, ना पाटी. एक डोह, एक उंबर आणि बर्नार्ड म्हणेल ते नियम. जून ते सप्टेंबर मासे अंडी घालतात म्हणून नदीकडे फिरकायचं नाही. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो तो पकडीने दाबून सपाट करायचा. ही दाबादाबीही आग्नेसच करायची. "हाताला लागत नाही त्याने," असं बर्नार्डने तिला सांगितलं होतं.

दीड वाजता स्कूटर परत यायची. पिशवीत कधी खवल्या, कधी मरळ, फारच देव पावला तर जिताडा. आग्नेस विळीवर बसायची आणि मासा साफ करता करता त्याचं तोंड उघडून बघायची.

"अहो, याच्या तोंडाला भोक कसं नाही?"

"गळाला काटाच नाही तर भोक कुठून पडणार?"

हे तिला पटायचं. एकदा पिशवीतून पावशेर कोळंबी निघाली तेव्हा मात्र ती चक्रावली. "कोळंबीसुद्धा माशीला लागते?"

"तुझ्या हातची माशी आहे बाई," बर्नार्ड टॉवेल घेऊन न्हाणीकडे पळता पळता म्हणाला, "तिला काय वाट्टेल ते लागतं."

आग्नेस दिवसभर खुशीत होती. ताटातल्या कालवणात अर्धा वाटा आपला आहे, असं तिला एकवीस वर्षं वाटत आलं. कोळंबी माशीला लागत नाही हे वसईतलं शेंबडं पोर सांगेल, पण नवरा इतकं गोड बोलल्यावर कोण कोणाला विचारायला जातंय!

भांडण व्हायचं ते सुकेळ्यांवरून. वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी आग्नेस स्वतः करायची. सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखी काळपट सोनेरी, वाळक्या सोपटात बांधलेली. बर्नार्डला डायबेटीस. तरी दर रविवारी त्याला सहा सुकेळी बांधून हवीच.

"सहा? मरायचंय का तुम्हाला?"

"नदीवर भूक लागते गं."

"दोन देते."

"सहा दे."

ती बडबडत, कपाळाला हात लावत, शेवटी सहाच बांधायची. घरी आल्यावर पुरचुंडी रिकामी असायची. ती पुन्हा बोलायची, तो खाली मान घालून ऐकून घ्यायचा. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, पण सुकेळ्यांच्या बाबतीत अपराध्यासारखा गप्प.

ऑगस्टमध्ये बर्नार्ड गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, साखरेने हृदय आतून पोखरलं होतं. त्यांनी सहज म्हटलं असेल. पण ते वाक्य आग्नेसच्या काळजात जाऊन बसलं आणि तिथून हललं नाही. दर रविवारी सहा. आपल्याच हाताने सोलली, वाळवली, बांधली, आणि नको नको म्हणत त्याच्या हातात दिली. ही गोष्ट तिने मुलाला, ज्युडला सांगितली नाही, सून शर्लीला सांगितली नाही, कन्फेशनला बसून फादरांनाही सांगितली नाही. सुकेळी करायचं तेवढं तिने बंद केलं. राजेळीचे घड झाडावरच पिकून पाखरांनी खाल्ले.

आणि मग ऑक्टोबरमध्ये बर्नार्डचा फोन वाजायला लागला.

तो फोन तिने बंद केला नव्हता. रोज चार्ज करून अल्तारावर, माउलीच्या तसबिरीपाशी ठेवायची. रविवारी साडेअकराला तो वाजला, आणि काचेवर नाव आलं, बायजा. आग्नेस ते नाव बघत राहिली. नात्यात बायजा नाही, पोस्टात बायजा नाही, क्लबात तर नाहीच नाही. फोन वाजून वाजून थांबला. पुढच्या रविवारी पुन्हा. एका रविवारी तर लागोपाठ चार वेळा. नवऱ्यामागे अश्रू पुसत बसलेल्या बाईच्या मनात जे यायचं तेच तिच्या मनात आलं आणि तिचा जो काही तिळपापड झाला तो विचारू नका. एकीकडे आपण त्याला मारलं म्हणून रडायचं, दुसरीकडे त्या मेलेल्या माणसाशी मनातल्या मनात कडाकडा भांडायचं, असा तिचा दिवाळीपासून नाताळपर्यंतचा काळ गेला. फोन मात्र तिने उचलला नाही.

जानेवारीत क्षितिजा आली. एव्हरशाईन सिटीत राहणारी, क्लबातली सगळ्यात लहान. बर्नार्ड गेल्यापासून कोणी नदीवर गेलंच नव्हतं, असं ती ओशाळून म्हणाली. "आंटी, या रविवारी जातोय आम्ही सगळे. काकांसाठी. तुम्ही पण चला ना."

आग्नेस एकवीस वर्षांत एकदाही नदीवर गेली नव्हती. रविवारी घरात स्वयंपाक कोण करणार? आणि खरं सांगायचं तर त्या नदीवर तिचा राग होता. तरी ती म्हणाली, "येते." पर्समध्ये तिने बर्नार्डचा फोन टाकला. रविवार, साडेअकरा, नदी. हिशेब तिने केव्हाच जुळवला होता.

डोह तिला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला. हिरवं, संथ पाणी, काठाला काळे खडक, वर वाकलेला उंबर. बोळिंजचे श्रीरंग उंबराखाली तिला घडीची खुर्ची टाकून देताना म्हणाले, "वहिनी, बर्नार्ड इथेच बसायचा. आम्ही निघालो तरी म्हणायचा, तुम्ही व्हा पुढे." आग्नेसने मनातल्या मनात म्हटलं, म्हणणारच.

क्षितिजा गुडघाभर पाण्यात उभी राहून काठी मागे-पुढे झुलवत होती. दोरी हवेत लांब वळण घ्यायची आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद टेकायची. आपली माशी आग्नेसने अशी कधी पाहिलीच नव्हती. पडवीत ती नुसतं पीस होती, इथे ती चक्क जिवंत दिसत होती. एवढ्यात पाणी फुटलं, काठी वाकली आणि क्षितिजाने हातभर लांब, चांदीसारखा मासा ओढून आणला.

"आण इकडे!" आग्नेस खुर्चीतून उठलीच. "याचं आंबट कालवण..."

क्षितिजाने ओल्या हातांनी मासा पाण्यातच धरला, गळ हलकेच काढला आणि हात मोकळे केले. मासा क्षणभर तिथेच थांबला, मग शेपटी हलवून खोल गेला.

"अगं, सोडलास?"

"सोडतोच ना आपण, आंटी. क्लबचा पहिला नियम. म्हणून तर गळाचा काटा दाबायचा, त्याला जखम नको. काकांनीच केलाय नियम. एवढ्या वर्षांत एक मासा कोणी घरी नेला नाही."

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

आग्नेस खाली बसली. एकवीस वर्षं. महिन्याला चार रविवार. मग मी विळीवर काय चिरत होते?

पर्समधला फोन वाजला. बायजा. या वेळी तिने तो उचलला आणि कानाला लावला.

"बाबा?" पलीकडून खरखरीत, म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "गाड्या दिसल्या म्हनून लावला फोन. आलाव ना तुमी? किती वाट बघायची मानसानं! थांबा, मी येतेय."

पाच मिनिटांत खालच्या वळणावरून एक बाई आली. सत्तरीची, काटकुळी, ओचा खोचलेला, खांद्यावर हातजाळं आणि कडेवर टोपली. हीच ती. आग्नेसने चार महिने जिच्याशी मनात दावा मांडला होता ती ही, दोन दात शिल्लक असलेली म्हातारी! आग्नेसला हसू आलं, आणि हसू येतंय म्हणून रडू आलं.

"बाबा कुठं हाय?" बायजाने विचारलं.

"मी आग्नेस, त्यांची बायको. ते गेले, बाय. ऑगस्टमध्ये."

बायजाने टोपली खाली ठेवली आणि स्वतः खडकावर बसली. खांद्यावरचं जाळं तिने मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "मंग मी कोनाला फोन करत व्हते?"

"माझ्याकडे होता. मी उचलला नाही."

 मग हळूहळू बायजाने सगळं सांगितलं. तिचं जाळं पूर्वी या डोहातही पडायचं. बर्नार्डने तिला पटवलं, मोठे मासे इथे अंडी धरून असतात, हा डोह सोड, खालच्या अंगाला पकड. "मी म्हनलं, मंग मला काय देशील? तो म्हनला, माझ्या बायकोच्या हातची सुकेली. दर ऐतवारी." सुकेळी ती घ्यायची आणि टोपलीतले चार मासे त्याला द्यायची. शिवाय डोहावर लक्ष ठेवायची. कोणी पाण्यात पावडर टाकून मासे मारायला आलं की बाबाला फोन. तो क्लबवाल्यांना, पोलिसांना घेऊन हजर.

"दसऱ्याच्या मागं आलते दोघं," बायजा म्हणाली. "चार येला फोन लावला. मी एकली काय करनार? डोहाच्या वरच्या अंगाचं पानी पांढरं झालं. पिल्लं पन मेली."

क्षितिजा आणि श्रीरंग खाली बघत उभे राहिले. आपण इथे यायचं सोडलं म्हणून, असं दोघांच्याही तोंडावर लिहिलेलं होतं.  त्या चार रिंगा आग्नेसने मोजल्या होत्या. दात ओठ खाऊन मोजल्या होत्या.

पण तिला जे विचारायचं होतं ते अजून विचारायचंच होतं. तिने बायजाचा हात धरला.

"बाय, खरं सांग. ते किती खायचे?"

"काय?"

"सुकेळी. सहातली किती खायचे ते?"

"एक पन नाय." बायजाला प्रश्नच कळेना. "माझी नातवंडं हायेत ना सहा. मोजून सहा आनायचा. मी म्हनायची, बाबा, अर्धा तरी खा. तर म्हनायचा, नको, मला साखर हाय, आमची आग्नेस जीव टाकते माझ्यावर. मी खाल्ला तर तिला काय तोंड दाखवू?"

आग्नेसने बायजाचा हात सोडला नाही. ती तिथेच, सगळ्यांदेखत, तोंडाला पदर लावून ढसाढसा रडली. ऑगस्टपासून जे दुखत होतं ते त्या रडण्याबरोबर बाहेर पडत होतं. क्षितिजा पुढे झाली, पण श्रीरंगांनी तिला खुणेने थांबवलं.

"मासा सोडताना त्याला सांगायचा काय काय," बायजा स्वतःशीच म्हणाली. "जा रे, म्हनायचा, आमच्या आग्नेसच्या माशीवर आलास, नशीबवान हायस."

निघताना बायजाने टोपलीतली मरळ पानात गुंडाळून आग्नेसच्या पिशवीत टाकली. आग्नेसकडे द्यायला काही नव्हतं, तिने पर्स पालथी घातली तरी. "पुढच्या रविवारी आणते," ती म्हणाली. "सहा. आणि मधे कोणी आलं तर ह्याच नंबरवर फोन कर. मी उचलते." क्षितिजाने आपला नंबरही बायजाच्या फोनमध्ये घालून दिला आणि श्रीरंगांनी पाळ्या लावल्या, दर दिवशी क्लबातलं कोणीतरी डोहावर एक फेरी मारणार.

घरी पोचायला दीड वाजला. ज्युड पडवीतच उभा होता. पिशवीतून मरळ निघाली तशी तो बघतच राहिला. गेल्या मे महिन्यापासून या घरात नदीचा मासा आला नव्हता.

"मम्मी, कोणी पकडली?"

"मी."

"तू?" त्याने मरळीचं तोंड उघडून आत पाहिलं. "हिच्या तोंडाला भोक कुठाय?"

"गळाला काटाच नाही तर भोक कुठून पडणार?" आग्नेस म्हणाली, आणि टॉवेल घेऊन न्हाणीकडे वळली. दारात थांबून तिने मागे न बघता सांगितलं, "आणि वाडीतला राजेळीचा घड उतरवून ठेव. उद्या ऊन चांगलं आहे."