निर्जळी

एसटी स्टँडवर शेजारी बसलेल्या आजींनी पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. "घे गं पोरी, ओठ किती सुकलेत."

पोरी म्हणाल्या, म्हणून बरं वाटलं. पण बाटली घेतली नाही.

पाणी प्यायले की जावं लागणार. समोर स्वच्छतागृहाची दोन दारं. मी ट्रान्स स्त्री आहे. पुरुषांच्या दाराआड काय होतं ते मी भोगलंय. बायकांच्या दाराआड एखादी किंचाळली, तर सगळा स्टँड धावून येईल. कायद्यानं मला बाई मानल्याचं ओळखपत्र पर्समध्ये आहे; पण धावून आलेली गर्दी ते वाचत बसत नाही. म्हणून प्रवासाच्या दिवशी मी सकाळपासून घसा कोरडाच ठेवते. हक्क एवढे मिळाले, आणि भीती घोटभर पाण्याची.

"नको" म्हणायचंही धाडस झालं नाही. आवाजानं घात केला असता. नुसती मान हलवली.

"निर्जळी उपास का गं?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"कठीण असतो हो. देव बघतोय," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग "जरा पिशवी बघ हं" म्हणून उठल्या, आणि बायकांच्या दारातून निवांत आत गेल्या.